काळ्या कुत्र्याचे धनी

गेल्या चैत्रात चिखली रस्त्यावर राहणाऱ्या एका मित्राकडे चहाला गेलो होतो. त्यांच्या खिडकीत मनीप्लांटची वेल लावलेली, आणि ज्या बाटलीत ती लावली होती ती बाटली मोठी ऐटबाज. वहिनींनी जरा ओशाळतच खुलासा केला की मुलाच्या लग्नात कुणी पाहुण्याने आणलेली ती रिकामी बाटली, काच चांगली म्हणून फेकवली नाही. माझा जन्म बँकेत कागद वाचण्यात गेला. छापील अक्षर दिसले की वाचल्याशिवाय राहवत नाही. चष्मा पुसून लेबल वाचले. व्हिस्कीचे नाव ब्लॅक डॉग, म्हणजे काळा कुत्रा.

या दारूची जी कूळकथा कंपनी सांगत आली आहे ती अशी. १८८३ साली मुंबईच्या फिप्सन कंपनीतले वॉल्टर मिलार्ड नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ उत्तम व्हिस्कीच्या शोधात स्कॉटलंडला गेले. लीथ बंदरातल्या जेम्स मॅकिन्ले यांच्याकडे त्यांना मनासारखी व्हिस्की मिळाली. मिलार्डना मासे धरण्याचा नाद होता. सामन मासा गळाला लागावा म्हणून पिसांची जी खोटी माशी बांधतात, तिच्या एका आवडत्या जातीचे नाव त्यांनी या व्हिस्कीला दिले. गोष्ट छान आहे. अडचण एवढीच की मिलार्ड स्कॉटिश नव्हते, इंग्रज होते, आणि १८८३ साली ते मुंबईत नव्हतेच. ते आले १८८४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी.

मला मिलार्ड ठाऊक होते ते दारूमुळे नव्हे, पाखरांमुळे. डॉ. सलीम अलींचे चरित्र ज्यांनी वाचले असेल त्यांनाही ते तसेच ठाऊक असतील. एकाच माणसाची ही दोन रूपे डोक्यात घेऊन त्या दिवशी घरी आलो आणि महिनाभर त्यातच गुंतून पडलो.

वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड यांचा जन्म १८६४ चा. एका धर्मोपदेशकाच्या लेकुरवाळ्या घरातले हे तेरावे अपत्य. तेराव्या मुलाच्या वाट्याला घरातले काय येणार? जो तो आपली वाट शोधतो, तशी यांनी मुंबईची वाट धरली आणि हर्बर्ट मस्ग्रेव्ह फिप्सन यांच्या पेढीवर मदतनीस म्हणून रुजू झाले. फिप्सन हे कोटातले मद्याचे व्यापारी. साहेब लोकांच्या बंगल्यांना, क्लबांना विलायती मद्य पुरवायचे हा त्यांचा धंदा.

पण या दुकानाची खरी गंमत निराळी होती. १८८३ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या आठ हौशी मंडळींनी मिळून निसर्गाच्या अभ्यासासाठी एक संस्था काढली. तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांत दोघे आपले होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पुढे गाजलेल्या रखमाबाई या सखाराम अर्जुनांच्या सावत्र कन्या, आणि त्यांना डॉक्टर होण्यासाठी पाठबळ देणाऱ्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची या पुढे फिप्सनसाहेबांच्या पत्नी झाल्या. त्या काळची मुंबई अशी एकमेकांच्या अंगणात होती. संस्थेचे पहिले चिटणीस ई. एच. एटकेन हे जकात आणि मीठ खात्यातले अधिकारी. संस्थेला बसायला जागा नव्हती. तेव्हा १८८४ च्या जानेवारीत फिप्सननी फॉर्ब्ज स्ट्रीटवरच्या १८ नंबरच्या आपल्या दुकानातली एक खोली देऊ केली. पुढे दोन वर्षांनी बिऱ्हाड अपोलो स्ट्रीटवर हलले. मद्याच्या पेट्या एकीकडे आणि पेंढा भरलेली जनावरे, साप, फुलपाखरे दुसरीकडे, असा हा संसार चालू झाला.

त्याच साली हा वीस वर्षांचा पोरगा तिथे येऊन पडला. नोकरी मद्याच्या पेढीची, पण मन शेजारच्या खोलीत. तो हळूहळू धंद्यात भागीदार झाला, संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन पाहू लागला, आणि फिप्सन मायदेशी गेल्यावर १९०६ साली संस्थेचा मानद चिटणीस झाला. मानद म्हणजे पगार नाही. पोटासाठी व्हिस्की आणि जिवासाठी पाखरे ही वाटणी त्याने ३६ वर्षे निभावली. बँकेत असताना कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला ती चांगलीच समजते.

मिलार्ड यांच्या खुर्चीमागे एक पिंजरा असे. त्यात विल्यम नावाचा मोठा धनेश पक्षी राहायचा. कारवारहून १८९४ साली पिलू म्हणून आला आणि तिथेच वाढला. येणारा-जाणारा फेकील ते चोचीत झेलायचा. एकदा म्हणे पेटलेली सिगारही गिळली आणि काही झाले नाही. संस्थेच्या बोधचिन्हावर जो धनेश आहे तो हाच.

१९०८ साली या खुर्चीसमोर बारा वर्षांचा एक पोरका मुलगा घाबरत उभा राहिला. हातात कागदाच्या पुडीत मेलेली चिमणी. खेळण्यातल्या बंदुकीने मारलेली, पण गळ्यावर पिवळा ठिपका असलेली, म्हणून खावी की नाही असा पेच पडलेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी संस्थेचे सभासद, त्यांनी चिठ्ठी देऊन पाठवले होते. गोरा साहेब आपल्याला हाकलून देईल असे मुलाला वाटत होते. मिलार्डनी पुडी सोडली, ती पीतकंठी रानचिमणी असल्याचे सांगितले आणि मग त्या पोराला घेऊन एकेक खण उघडत सगळा संग्रह दाखवला. वाचायला पुस्तके दिली. पाखरे कशी टिकवून ठेवायची ते शिकायला ये म्हणून बोलावले. तो मुलगा म्हणजे सलीम अली. पेढीवर बसलेल्या माणसाने त्या दुपारी किती गिऱ्हाइके खोळंबवली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

मिलार्ड यांचे सगळ्यात मोठे काम मात्र फारसे कुणाला आठवत नाही. १९११ साली त्यांनी सस्तन प्राण्यांची देशव्यापी पाहणी सुरू केली. वाघ-सिंहांची मोजदाद नव्हे, ती तर शिकारी करतच होते. मिलार्डना हवे होते उंदीर, चिचुंद्री, वटवाघळे, खारी, म्हणजे ज्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही असे जीव. संस्थानिकांकडून, व्यापाऱ्यांकडून, सरकारकडून वर्गणी गोळा केली आणि पगारी माणसे नेमली. पाहणीची सुरुवात खानदेशातून झाली आणि लागोपाठ ती माणसे आमच्या वऱ्हाडात आली. बारा वर्षे हे काम चालले आणि हजारो नमुने जमले. त्याच १९११ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या मऊ लवेच्या उंदरांच्या एका अख्ख्या कुळाला मिलार्डिया हे नाव दिले. महाराष्ट्राच्या काळ्या रानात, पिकाच्या बुडाशी बिळे करून राहणारा जो मऊ केसांचा उंदीर, तो शास्त्राच्या वहीत मिलार्डिया मेलटाडा आहे. आपला शेतकरी त्याला शिव्या देतो तेव्हा त्या एका परीने मिलार्डसाहेबांच्या नावाला लागतात. सिंहगडावर सापडणाऱ्या त्याच्या एका भावकीचे नाव तर मिलार्डिया कोंडाणा असे आहे.

झाडांचा नाद वेगळाच. मलबार हिलवर त्यांची बाग होती. मुंबईच्या रस्त्यांवर फुलणारी झाडे लागावीत म्हणून ते धडपडत. गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर बहावा फुलला आणि रस्त्याला त्याचे नाव पडले, त्याचे श्रेय मिलार्ड यांना दिले जाते. फादर ब्लॅटर यांच्याबरोबर भारतातल्या सुंदर झाडांवर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९३७ साली निघाले, आजही ते हाताळले जाते. याच लॅबर्नम रोडवर मणिभवन आहे. दारूबंदीचा आग्रह धरणारे महात्मा गांधी १९१७ पासून मुंबईत आले की तिथे उतरत, आणि उन्हाळ्यात बाहेर फुललेली पिवळी झुंबरे ही एका दारूच्या व्यापाऱ्याची हौस.

१९२० साली मिलार्ड इंग्लंडला परतले. विल्यम धनेश त्याच साली मेला. तारेचा तुकडा गिळल्यामुळे, असे कारण नोंदलेले आहे. संस्थेतल्या मंडळींना मात्र वाटत होते की खुर्चीवरचा माणूस गेल्याचे त्याने मनाला लावून घेतले. मिलार्ड मायदेशी राहूनही संस्थेची कामे करत राहिले आणि १९५२ च्या मार्चमध्ये, ८८ च्या घरात असताना वारले.

इथपर्यंत माणसाची गोष्ट झाली. पण बाटलीवरचे नाव माणसाबरोबर जात नाही. ते मालमत्तेत मोडते, त्याला वारस लागतात, आणि वारसांचा हिशेब निराळा असतो.

मिलार्ड वारले त्या वेळी मुंबईत कडक दारूबंदी होती. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. परवाना असल्याशिवाय प्यायची नाही, हा नियम कागदावर अजून आहे आणि मलकापूरच्या हमरस्त्यावर ज्या परमिट रूमच्या पाट्या दिसतात त्यांचे मूळ त्यातच आहे. गिऱ्हाईक साहेब गेलेला, शहर कोरडे झालेले. विलायती मद्याच्या जुन्या पेढ्यांना कोण विचारणार? अशा वेळी बाजारात शांतपणे फिरणारा एक तरुण होता, विठ्ठल मल्ल्या. मूळचे बंटवाळचे, लष्करी डॉक्टरांचे चिरंजीव, शिक्षण डून स्कूल आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात. युनायटेड ब्रुअरीजचे शेअर थोडे थोडे गोळा करत १९४७ साली, पंचविशीही गाठली नव्हती तेव्हा, ते त्या कंपनीचे पहिले भारतीय संचालक झाले आणि पुढच्याच वर्षी अध्यक्ष. १९५१ मध्ये मॅकडॉवेल घेतली. मग कॅर्यू, हर्बर्टसन, फिप्सन अशी जुनी नावे एकेक करून त्यांच्या समूहात आली. मितभाषी, काटकसरी, प्रसिद्धीपासून लांब राहणारा आणि ताळेबंद बारकाईने वाचणारा माणूस, असे त्यांचे वर्णन ऐकत आलो आहे. त्यांना १९८३ मध्ये, साठीही न गाठता मृत्यू आला. ताळेबंद वाचणाऱ्यांविषयी मला आपुलकी आहे, तरी एक सांगायला हवे. अशा माणसाला जुन्या पेढीत दिसतो तो परवाना, भट्टी, गोदाम आणि मुख्य म्हणजे त्या राज्यात माल विकण्याचा हक्क. बाटलीवरचे नाव या सगळ्याबरोबर फुकट येते. फुकट आलेल्या वस्तूवर पुढे कुणी खर्च करत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी शाखेत असताना आमचा एक खातेदार लेमन-सोडा बनवायचा. पंचक्रोशीत लग्नाला त्याच्याच बाटल्या. पुढे त्याला एका मोठ्या शीतपेयाची एजन्सी मिळाली. माणूस खूश, बँकही खूश, आम्ही कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून दिली. दोन वर्षांनी गोदाम तपासायला गेलो तर त्याचा स्वतःचा माल कोपऱ्यात धूळ खात पडलेला. बंद केला नव्हता, कारखाना चालू होता. पण टेंपो एकच, त्यात क्रेट मावणार मोजके. मोठ्या नावाचा क्रेट हातोहात जायचा आणि ठरलेला आकडा गाठला तर वर बक्षीस होते. दुकानातला फ्रीज मोठ्या कंपनीने दिलेला, त्यात दुसरे काही ठेवायची सोय नाही. हा माणूस आपल्याच पोराला उपाशी ठेवून शेजाऱ्याच्या पोराला तूप-रोटी भरवत होता, आणि हिशेबाच्या वहीप्रमाणे त्यात काहीही चूक नव्हते. ती कर्जमर्यादा वाढवण्याच्या प्रस्तावावर सही माझीच होती.

देशपातळीवर हेच घडले ते आपण पाहिले आहे. १९९३ साली कोका-कोलाने पार्लेकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट घेतले. आधी सगळा जोर कोकवर. थम्स अप मागे ठेवायचा बेत होता, पण गिऱ्हाईक हटेना, तेव्हा कंपनीने निमूटपणे त्यावर पुन्हा पैसा लावला आणि २०२१ पर्यंत ते नाव वर्षाला अब्ज डॉलरच्या विक्रीला पोहोचले. गोल्ड स्पॉटला तेवढे हट्टी गिऱ्हाईक मिळाले नाही. ते गेले.

दारूच्या धंद्यात याहून गुंतागुंत आहे. आपल्या राज्यघटनेने दारू हा विषय राज्यांकडे दिलेला, त्यामुळे प्रत्येक राज्य म्हणजे वेगळा देश. महाराष्ट्रात विकायचे तर लेबलची नोंदणी इथे, मध्य प्रदेशात विकायचे तर पुन्हा तिथे. दर वर्षी फी, किमतीला वेगळी मंजुरी, सीमा ओलांडली की वेगळा कर. आमच्या जळगाव जामोदहून पलीकडचे बऱ्हाणपूर किती लांब! पण त्या बाटलीसाठी ते परदेश आहे. तमिळनाडू, केरळसारख्या राज्यांत तर घाऊक गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सरकारी महामंडळ. त्यात दूरचित्रवाणीवर जाहिरातीला बंदी. मग सोड्याच्या, पत्त्यांच्या, गाण्यांच्या आडून नाव मिरवायचे. हे आडवळणाचे मिरवणे भारी खर्चाचे असते आणि तो खर्च लाखो पेट्या खपणाऱ्या नावालाच परवडतो. कंपनीकडे एकाच किमतीच्या आसपास चार नावे असतील तर एकाला वर काढणे म्हणजे उरलेल्या तिघांच्या ताटातले काढून त्याला वाढणे. घरातल्या घरात खप हलतो, तिजोरीत भर पडत नाही.

तरीही ही नावे विकून का टाकत नाहीत? विकली तर प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागतील म्हणून. बँकेच्या लॉकरमध्ये कित्येक माणसे मोडक्या दागिन्याचा एखादा तुकडा वर्षानुवर्षे ठेवतात, घालत नाहीत आणि मोडतही नाहीत. भाडे भरत राहतात.

स्कॉटलंडचा पेच तर काळाचाच आहे. बारा वर्षांची म्हणून जी व्हिस्की विकायची ती बारा वर्षांपूर्वी पिंपात भरलेली हवी. आज जोरात जाहिरात केली आणि मागणी तिप्पट झाली, तर माल कुठून आणणार? शिवाय तिथल्या बहुतेक लहान भट्ट्यांचा माल मोठ्या मिश्रणांसाठी लागतो. लहान भट्टीचे स्वतःचे नाव गाजले तर मोठ्या नावाच्या पिंपात खड्डा पडतो. म्हणून ती बिचारी अंधारात राहिलेलीच धन्याला सोयीची.

मिलार्ड यांच्या काळ्या कुत्र्याला याहून एक अडथळा जास्त होता. परदेशी मद्याच्या आयातीवर आपल्याकडे कित्येक दशके निर्बंध होते. ते २००१ साली उठले तेव्हा त्यांच्या जागी जबर जकात आली, पुढे ती १५० टक्क्यांवर स्थिरावली. ज्या मालाला दाराशी येण्याची मुभा नाही, त्याचा डंका कोण पिटणार? पुढे मल्ल्यांच्या समूहातली युनायटेड स्पिरिट्स ही मद्याची कंपनी १४० हून अधिक नावे बाळगून होती. २०१४ मध्ये तिच्यावर ब्रिटनच्या डियाजिओचा ताबा आला. डियाजिओच्या घरात जॉनी वॉकर आहे, ब्लॅक अँड व्हाइट आहे, हिंदी चित्रपटातल्या खलनायकांची आवडती व्हॅट ६९ आहे. मुंबईच्या पेढीतून निघालेला काळा कुत्रा आता या स्कॉटिश थोरल्यांच्या पंगतीत बसला. २०२२ साली कंपनीने स्वस्तातली ३२ नावे इनब्रू नावाच्या कंपनीला ८०० कोटींहून अधिक किमतीला विकून टाकली. हेवर्ड्स, ओल्ड टॅव्हर्न, हनी बी ही त्यातली. काही राज्यांत ती त्याआधीच ठरावीक रकमेवर इतरांना चालवायला दिलेली होती, म्हणजे ठोक्याने दिलेल्या शेतासारखी. काळा कुत्रा त्यात गेला नाही, घरातच राहिला. आता २०२५ च्या भारत-ब्रिटन करारात ती जकात आधी निम्मी आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे ठरले आहे. दार उघडले की आधी कोण आत शिरेल ते सांगायला ज्योतिषी नको.

दारूच्या नावांसाठी गळा काढावा असे मला मुळीच वाटत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशी रिकामी होणारी बचत खाती मी काउंटरवरून पाहिली आहेत, आणि ज्या गावांत बायांनी मतदान करून बाटली आडवी केली त्या गावांबद्दल मला आदरच आहे. मला टोचते ते वेगळेच. कुठल्याही नावाची वर्षानुवर्षे निगा राखायची तर ते खरे कुणाचे होते हे ठाऊक असलेला एखादा माणूस घरात लागतो. किंगफिशर हे बियरचे नावही जुन्या दप्तरात पडून होते म्हणतात. विठ्ठल मल्ल्यांच्या मुलाने ते उचलून १९७८ साली पुन्हा बाजारात आणले आणि पुढचे सर्वांना माहीत आहे. मिलार्ड यांच्या नावाला असे कुणी भेटले नाही. त्यांची गोष्ट जाहिरातीपुरती शिवली गेली आणि शिवताना इंग्रजाचा स्कॉटिश झाला, सालही एक वर्ष मागे गेले. पाखरे, उंदीर, बहावा, तो बारा वर्षांचा मुलगा, यातले काहीच बाटलीवर आले नाही. तिथे मावलेही नसते म्हणा.

हे सगळे मी त्या मित्राला आणि वहिनींना सांगितले. दोघांनी मन लावून ऐकले. वहिनींना पिंजऱ्यातला विल्यम फार आवडला. पुढच्या वेळी गेलो तर खिडकीत तीच बाटली, वेल वाढून गजापर्यंत गेलेली. लेबल मात्र वहिनींनी खरवडून काढले होते. घरात नातवंडे येतात, नाव वाचून विचारतात, म्हणून.